बुधवारचा ‘क्लासिको’ आणि यजमानपणाचा भ्रम

५ एप्रिल २०२३. बुधवार. स्पेनच्या राजाच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या ‘कोपा डेल रे’ स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर होणार होता. समोर रेआल माद्रिद. त्या दिवशी कोणत्याही सुज्ञ भाकीतकाराने बार्सिलोनाच्याच बाजूने कौल दिला असता, आणि त्यात वावगे काही नव्हते. त्या वर्षी जानेवारीपासून उभय संघ तीनदा भिडले होते आणि तिन्ही वेळा बार्सिलोनाने बाजी मारली होती: जानेवारीत स्पॅनिश सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात ३-१, २ मार्चला कोपाच्या पहिल्या टप्प्यात माद्रिदमध्ये जाऊन १-० आणि १९ मार्चला लीगमध्ये २-१. लीगच्या गुणतक्त्यात बार्सिलोना बारा गुणांनी पुढे होता. आदल्या शनिवारी त्याने एल्चेला ४-० असे हरविले होते. रेआल मात्र रविवारी वायादोलिदविरुद्ध खेळला होता. म्हणजे विश्रांतीचा एक दिवसही बार्सिलोनाच्या पदरी अधिकचा होता. शिवाय पहिल्या टप्प्यातील एका गोलाची आघाडी हाताशी होतीच.

प्रत्यक्षात रेआलने तो सामना ४-० असा जिंकला. मध्यंतराच्या उंबरठ्यावर लेवांडोवस्कीचा फटका गोलरक्षक कोर्तुआने अडविला आणि त्याच चेंडूवर झालेल्या प्रतिहल्ल्यातून व्हिनिसियसने गोल केला. उत्तरार्धात करीम बेन्झेमाने एकट्याने तीन गोल नोंदविले. एकूण गोलसंख्या ४-१. यजमानांच्या बाजूची कारणे एकेक करून खरी होती. त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा ठरला.

मातब्बर प्रतिस्पर्ध्यांच्या लढतीत असे धक्के बसतातच, असे म्हणून हा विषय संपविता येईल. चेंडू गोल आहे, हे वाक्य फुटबॉलमध्ये सर्व प्रश्नांचे उत्तर म्हणून वापरले जाते. परंतु ‘काहीही होऊ शकते’ हे भाकीत नव्हे; ती भाकिताला दिलेली बगल आहे. आठवड्याच्या मध्यावर, बाद फेरीत, दोन टप्प्यांत खेळला जाणारा क्लासिको हा एक स्वतंत्र प्रकार मानून त्याचा इतिहास तपासला, तर बार्सिलोनाचा त्या रात्रीचा पराभव तितकासा अनपेक्षित वाटत नाही.

बारा सामन्यांचा हिशेब

रेआल आणि बार्सिलोना यांच्यात आजवर अडीचशेहून अधिक अधिकृत सामने झाले आहेत. दोघांचेही विजय शंभराच्या थोडे पुढे आहेत आणि साधारणतः पाचांतील एक सामना अनिर्णित राहिला आहे. म्हणजे शतकभराच्या वैरानंतरही तराजू जवळजवळ समतोल आहे. या मोठ्या राशीतून २००२ पासून २०२३ पर्यंतच्या चॅम्पियन्स लीग आणि कोपा डेल रे या दोन स्पर्धांतील दोन टप्प्यांच्या लढती तेवढ्या वेगळ्या काढाव्यात. अशा सहा लढती झाल्या, म्हणजे बारा सामने. त्यांतील अकरा मंगळवारी वा बुधवारी झाले आणि एक गुरुवारी.

२००२, चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरी : बार्सिलोनामध्ये रेआल २-० ने विजयी, माद्रिदमध्ये १-१.

२०११, चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरी : माद्रिदमध्ये बार्सिलोना २-० ने विजयी, बार्सिलोनामध्ये १-१.

२०१२, कोपा उपांत्यपूर्व फेरी : माद्रिदमध्ये बार्सिलोना २-१ ने विजयी, बार्सिलोनामध्ये २-२.

२०१३, कोपा उपांत्य फेरी : माद्रिदमध्ये १-१, बार्सिलोनामध्ये रेआल ३-१ ने विजयी.

२०१९, कोपा उपांत्य फेरी : बार्सिलोनामध्ये १-१, माद्रिदमध्ये बार्सिलोना ३-० ने विजयी.

२०२३, कोपा उपांत्य फेरी : माद्रिदमध्ये बार्सिलोना १-० ने विजयी, बार्सिलोनामध्ये रेआल ४-० ने विजयी.

सात सामने पाहुण्या संघाने जिंकले, पाच बरोबरीत सुटले. यजमानांचा विजय एकही नाही.

युरोपातील मोठ्या लीगमध्ये यजमान संघ ढोबळमानाने शंभरातील पंचेचाळीस सामने जिंकतो. तो दर येथे लावला, तर सलग बारा सामन्यांत यजमान एकदाही न जिंकण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी निघते. अर्थात हा आकडा पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. निकाल आधी पाहून मग त्यांना शोभेल असा गट निवडला, की कोणतीही गोष्ट विलक्षण भासविता येते. तेव्हा हा आकडा सिद्धांत म्हणून न घेता शंका म्हणून घ्यावा. शंका अशी की, या विशिष्ट लढतीत घरच्या मैदानाला आपण जे मोल देतो, ते अवाजवी तर नाही?

यजमान का अडखळतात?

पहिल्या टप्प्याचे कारण बऱ्याच अंशी नियमात होते. परक्या मैदानावरील गोलाला समसमान गोलसंख्येच्या वेळी अधिक वजन देण्याची पद्धत या स्पर्धांत दीर्घकाळ होती. युरोपीय महासंघाने ती २०२१ मध्ये रद्द केली. ती असेपर्यंत पहिल्या टप्प्यातील यजमानांना गोल करण्याच्या ओढीपेक्षा गोल न खाण्याची धास्ती अधिक असे. एप्रिल २०११ मधील बर्नाब्यूवरील सामना हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रशिक्षक जोझे मोरिन्हो यांनी बचावपटू पेपेला मधल्या फळीत उतरविले आणि स्वतःच्या प्रेक्षकांसमोर चेंडूचा ताबा प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केला. तासाभराचा खेळ होईपर्यंत ही योजना तग धरून होती. पेपेला लाल कार्ड मिळाले, पाठोपाठ मोरिन्होंचीही रवानगी झाली आणि मेसीने अखेरच्या पंधरा मिनिटांत दोन गोल करून निकाल लावला. यजमानांनी पाहुण्यासारखे खेळायचे ठरविले, की मैदान आणि प्रेक्षक यांचा लाभ आपण होऊन सोडून दिल्यासारखेच होते.

परतीच्या सामन्यातील कारण अधिक मनोरंजक आहे. वरील सहाही लढतींत दुसऱ्या टप्प्याचा यजमान हा पहिल्या टप्प्यातून काही ना काही लाभ घेऊन आला होता: कधी विजय, कधी परक्या मैदानावरील गोल. म्हणजे त्याला जिंकण्याची निकड नव्हती. बरोबरी पुरेशी होती. ज्याला बरोबरी पुरते तो संघ सामना जिंकण्यासाठी नव्हे, तर वेळ संपण्यासाठी खेळतो. आपल्याकडे कसोटी क्रिकेटमध्ये शेवटच्या दिवशी सामना वाचविण्यासाठी खेळणाऱ्या संघाची जी मनःस्थिती होते, तीच येथे नव्वद हजारांच्या कल्लोळात होते.

याच सहा लढती जरा बारकाईने पाहिल्या, तर त्यांचे दोन सरळ गट पडतात. २००२, २०११ आणि २०१२ मध्ये परतीच्या सामन्यात पाहुण्या संघाला आपले पारडे जड करण्यासाठी किमान दोन गोलांची गरज होती. त्या तिन्ही वेळा यजमानांनी बरोबरी साधून पुढची फेरी गाठली. याउलट २०१३, २०१९ आणि २०२३ मध्ये पाहुण्यांचा एक गोल संपूर्ण हिशेब बदलण्यास पुरेसा होता: पहिल्या दोन वेळा तो त्यांना आघाडीवर नेणारा होता, तिसऱ्या वेळी बरोबरीत आणणारा. त्या तिन्ही वेळा यजमान नुसते हरले नाहीत, तर मोडून पडले: १-३, ०-३, ०-४.

एका गोलाची आघाडी ही आघाडी असते, पण ती संरक्षण देत नाही. ती केवळ सावध करते. पहिला गोल खाल्ल्यावर सावधपणाला अर्थ उरत नाही, संघ पुढे झेपावतो, मागे मोकळी जागा पडते आणि वेगवान आघाडीवीरांच्या हाती कोलीत मिळते. २०१३ मध्ये ते रोनाल्डोच्या हाती मिळाले. त्याच्या दोन गोलांनी बार्सिलोनाचा बांध फुटला. २०१९ मध्ये तर पूर्वार्धभर रेआलनेच अधिक संधी निर्माण केल्या होत्या. तरुण व्हिनिसियसने त्या वाया घालविल्या. उत्तरार्ध सुरू होताच सुआरेझने गोल केला, नंतर व्हारानच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि सुआरेझने पेनल्टीवर तिसरा गोल केला. पूर्वार्ध पाहून कोणी भाकीत केले असते, तर तेही फसले असते.

गुणतक्ता काय सांगतो, काय लपवितो

या तीन पराभवांपैकी दोन बार्सिलोनाच्या वाट्याला आले, ते त्याच्या अत्यंत यशस्वी मोसमांत. २०१२-१३ मध्ये त्याने शंभर गुणांसह लीग जिंकली आणि रेआल पंधरा गुणांनी मागे राहिला. २०२२-२३ मध्येही लीग बार्सिलोनाचीच होती. मग बुधवारी काय बिघडले?

लीग हा अडतीस सामन्यांचा हिशेब आहे. त्यात संघाची सरासरी ताकद दिसते. दुबळ्या संघांना सातत्याने हरविण्याचे कौशल्य त्यात गुणांच्या रूपाने साठत जाते. क्लासिकोमध्ये हे कौशल्य उपयोगी पडत नाही. तेथे त्या दिवशी उपलब्ध असलेले अकरा खेळाडू आणि राखीव बाकावरील चार-पाच जण एवढेच भांडवल असते. ५ एप्रिल २०२३ रोजी बार्सिलोनाकडे पेद्री, फ्रेंकी डी योंग, डेम्बेले आणि क्रिस्टेन्सन हे चौघेही दुखापतींमुळे नव्हते. मधल्या फळीतील चेंडू राखणारे दोन खेळाडू, एक वेगवान आघाडीवीर आणि बचावफळीचा एक आधारस्तंभ. गुणतक्त्यातील बारा गुणांची आघाडी या चौघांनीच मिळवून दिलेली होती आणि त्या रात्री तेच मैदानाबाहेर होते. याउलट बेन्झेमाने तीनच दिवसांपूर्वी वायादोलिदविरुद्ध सात मिनिटांत तीन गोल केले होते. २०१३ मध्येही बार्सिलोनाचे प्रशिक्षक तितो विलानोव्हा उपचारांसाठी न्यूयॉर्कमध्ये होते आणि सूत्रे सहायक जोर्दी रौरा यांच्याकडे होती.

आठवड्याच्या मध्यावरील सामन्याचे हेच वैशिष्ट्य आहे. शनिवार-रविवारच्या सामन्यापूर्वी प्रशिक्षकाला सहसा पाच-सहा दिवस मिळतात. दुखावलेला स्नायू बरा होतो, नवी योजना सरावात बसविता येते. बुधवारच्या सामन्यापूर्वी दोन दिवस मिळतात, त्यांतील एक थकवा घालविण्यात जातो. त्यामुळे अनुपस्थित खेळाडूंची जागा भरण्यासाठी खेळाची मांडणी बदलण्याइतका अवकाशच नसतो. भाकीत करणाऱ्याने म्हणून गुणतक्त्याआधी दुखापतींची यादी वाचावी.

सलग विजयांचेही तसेच. २०२४-२५ च्या मोसमात बार्सिलोनाने चारही क्लासिको जिंकले: ऑक्टोबरमध्ये माद्रिदमध्ये ४-०, जानेवारीत सुपर चषकात ५-२, एप्रिलमध्ये कोपाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत ३-२ आणि मे महिन्यात लीगमध्ये ४-३. आकडे पाहावेत. प्रत्येक सामन्यात बार्सिलोनाच जिंकला. पण शेवटचे दोन केवळ एकेका गोलाने. निकालांची मालिका अखंड दिसत असताना संघांमधील अंतर कमी होत होते. पुढच्याच मोसमात, २६ ऑक्टोबर २०२५ रोजी, रेआलने २-१ असा विजय मिळविला. चार-शून्य ही नोंद मोजणाऱ्याला धक्का बसला. गोलफरक मोजणाऱ्याला बसला नसावा.

विरुद्ध पुरावाही पाहावा

येथपर्यंतचे विवेचन वाचून ‘बुधवारी यजमानाविरुद्ध कौल द्यावा’ असे सूत्र कोणी करू पाहील, तर ते धोक्याचे ठरेल. सुपर चषक पूर्वी ऑगस्टमध्ये दोन टप्प्यांत खेळला जाई. २०११, २०१२ आणि २०१७ मधील त्याचे परतीचे क्लासिको बुधवारीच झाले आणि तिन्ही यजमानांनी जिंकले. ७ मे २००८ रोजीचा लीगमधील क्लासिकोही बुधवारचाच. रेआलने विजेतेपद आधीच निश्चित केले होते, बार्सिलोनाच्या खेळाडूंना रांगेत उभे राहून त्यांना मानवंदना द्यावी लागली आणि नंतर यजमानांनी ४-१ असा विजय मिळविला. १८ डिसेंबर २०१९ चा बुधवार आणखी निराळा. कॅटलोनियातील फुटीरतावादी नेत्यांना शिक्षा सुनावल्यानंतर उसळलेल्या आंदोलनांमुळे ऑक्टोबरमधील हा लीग सामना पुढे ढकलला गेला होता. कडेकोट बंदोबस्तात तो झाला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला.

तेव्हा वार हे कारण नव्हे. मोसमाच्या ऐन भरात दोन टप्प्यांची बाद लढत, हातातील तुटपुंजी आघाडी आणि थकलेला वा अपुरा संघ या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे यजमानपण ओझे बनते. ऑगस्टमध्ये पाय ताजे असतात आणि पणाला लागलेले थोडे असते. लीगमध्ये मागील सामन्याचा हिशेब डोक्यावर नसतो.

घर या शब्दाला या वैरात फुटबॉलपलीकडचाही अर्थ आहे, हेही विसरता येत नाही. १९४३ मध्ये याच चषकाच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाने पहिला टप्पा ३-० असा जिंकला होता. परतीच्या सामन्यात माद्रिदने त्याला ११-१ असे चिरडले. फ्रँको राजवटीच्या त्या काळात पाहुण्या खेळाडूंवर दडपण आणले गेल्याचा आरोप कॅटलोनियात आजही केला जातो. तेव्हापासून प्रतिस्पर्ध्याच्या शहरात जाणे म्हणजे संकटात जाणे, ही भावना दोन्हीकडे रुजली. आजचे खेळाडू मात्र जगभरातून येतात, दरवर्षी दोन-चारदा या मैदानांवर खेळतात आणि ऐंशी हजारांच्या शिट्ट्यांना सरावलेले असतात. भीतीची आठवण प्रेक्षकांकडे उरली आहे. खेळाडूंकडे ती फारशी नाही. भाकिते मात्र प्रेक्षकांच्या आठवणींवर केली जातात.

मग भाकीत कसे करावे?

पुढच्या वेळी हे दोन संघ आठवड्याच्या मध्यावर बाद फेरीत समोरासमोर येतील, तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. सामना कोण जिंकेल, हा एक. पुढे कोण जाईल, हा दुसरा. २०११ मध्ये परतीच्या सामन्यात बार्सिलोना जिंकला नाही, पण अंतिम फेरीत गेला आणि युरोपचा विजेता ठरला. या दोन प्रश्नांची गल्लत हे चुकलेल्या भाकितांचे सर्वांत मोठे कारण आहे.

पहिल्या प्रश्नाबाबत प्रस्तुत लेखकाचा कौल असा : दोन्ही संघ तुल्यबळ आणि पूर्ण ताकदीचे असतील, तर यजमानांना शंभरात अडतीस, बरोबरीला सत्तावीस आणि पाहुण्यांना पस्तीस. बारा सामन्यांत यजमानांची पाटी कोरी असूनही हा आकडा शून्याकडे नेलेला नाही, कारण बारा सामने हा फार लहान संच आहे. पण नेहमीच्या पंचेचाळीसपेक्षा तो खाली आणला आहे, कारण बारा सामने म्हणजे काहीच नाही असेही नव्हे. दुसऱ्या प्रश्नाबाबत पहिल्या टप्प्याचा निकाल पाहावा. पाहुण्यांना दोन गोलांची गरज असेल, तर यजमान पुढे जातील. एका गोलाने हिशेब फिरणार असेल, तर कौल समसमान धरावा आणि दुखापतींची यादी ज्याची लहान, त्याच्या बाजूने झुकावे. परक्या मैदानावरील गोलाचा नियम आता नसल्याने पहिल्या टप्प्यातील यजमान थोडे मोकळेपणाने खेळतील, अशी अपेक्षा करता येते. २०२३ मध्ये तो नियम नसतानाही बर्नाब्यूवर रेआल हरला, ही नोंदही ध्यानात ठेवावी. त्या सामन्यात चेंडूवर अधिकार सांगणारा बार्सिलोना मागे सरून बचाव करीत राहिला, आणि तोच जिंकला.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. भारतात हे सामने मध्यरात्र उलटल्यावर दिसतात. मुंबई-पुण्यापासून मडगावपर्यंत हजारो तरुण ते जागून पाहतात आणि त्याआधी दिवसभर निकालाचे तर्क लढवितात. त्यात आनंद आहे. परंतु तर्काला पैशाची जोड मिळाली, की आत्मविश्वासाने उच्चारलेले प्रत्येक भाकीत कोणाच्या तरी खिशाला कात्री लावते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, ती या व्यसनाच्या आर्थिक आणि सामाजिक हानीकडे बोट दाखवूनच. कायद्याने वाटा बंद होतील. ‘आज हा संघ जिंकणारच’ या वाक्याची मोहिनी कायद्याने उतरणारी नाही. ती उतरते आकड्यांकडे थंड डोक्याने पाहण्याच्या सवयीने.

कोणी छातीठोकपणे निकाल सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारावे : शंभरातील किती? उत्तर शंभर असे आले, तर तो चाहता समजावा आणि त्याच्याबरोबर सामना पाहण्याचा आनंद लुटावा. उत्तर चाळीस असे आले, तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. ५ एप्रिल २०२३ रोजी बार्सिलोनाला चाळीस देणारा मनुष्यही चुकलेला नव्हता. उरलेले साठ त्याने आधीच मोजून ठेवले होते.